आटे जुळले का?

मैत्रिणींनो, साडीवर ब्लाउजपीस घेताना आपण दोन्ही कापडं उजेडात धरून रंग जुळवतो. मग नट-बोल्ट घेताना मात्र "द्या हो अर्ध्या इंचाचा" म्हणून पुडी तशीच पिशवीत का टाकतो? मीही तेच करत होते, म्हणून तर हा लेख!

गणपतीपूर्वीच्या साफसफाईत आमच्या शेलूच्या घरातला झोपाळा उतरवला. एका कडीचा बोल्ट गंजलेला, तो कापावाच लागला. नट चांगला होता, तो ठेवला. कर्जतला बाजाराला गेले तेव्हा अंदाजानं बोल्ट आणला. नटात तो दीड-दोन फेरे गेला आणि घट्ट झाला. ह्यांनी पान्यानं आणखी पिळला. "आता हलायचा नाही!" म्हणाले. दोन दिवसांनी केर काढताना तोच नट फरशीवर सापडला. आदल्या संध्याकाळी सासूबाई धाकटीला मांडीवर घेऊन त्याच झोपाळ्यावर बसल्या होत्या. नशीब, बोल्ट भोकातून निसटला नव्हता.

चूक कुठं झाली? नट होता चार सुती, बोल्ट बारा मिलिमीटरचा. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. जाडीतला फरक डोळ्यांना कळतही नाही. पण खरी गोम आट्यांत असते. अर्ध्या इंची बोल्टला इंचात १२ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर साधारण २.१ मिलिमीटर. बारा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला ते १.७५ असतं. त्यामुळे दोन फेऱ्यांत आटे एकमेकांवर चढतात नि नट अडकतो. घट्ट बसणं वेगळं आणि अडकणं वेगळं, बायांनो! अडकलेला नट एखाद-दुसऱ्या आट्यावरच सगळं वजन पेलतो.

हे दोन प्रकार आले कुठून? पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच इंची माप सुचवलं. तेच आपल्याकडेही आलं. १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, तरी सुताचा माल गेला नाही. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात.

नळाची गंमत आणखी निराळी. "अर्धा इंची" तोटीचे आटे बाहेरून मोजले तर भरतात जवळजवळ २१ मिलिमीटर! कारण अर्धा इंच हे पाइपाचं नाव आहे, आट्यांची जाडी नव्हे. तोटीच्या खोक्यावर त्यालाच १५ मिलिमीटर लिहितात. पट्टी लावून पाऊण इंची मागितलीत, तर ती बाहेरून २६ भरेल आणि बसायची नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

जुना नट किंवा बोल्ट पिशवीत घालूनच दुकानात जा.

दोन बोल्ट असतील तर आटे एकमेकांत बसवून उजेडात धरा. मधून उजेड दिसला तर जोडी चुकली.

एकच असेल तर मुलांच्या कंपासमधली पट्टी घ्या. एका आट्यापासून पुढं दहा आट्यांचं अंतर मोजा. १७.५ मिलिमीटर भरलं तर बारा मिलिमीटरचा, २१ भरलं तर चार सुती.

नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पाना फक्त शेवटच्या आवळणीला. आवळल्यावर बोल्टचे एक-दोन आटे नटाबाहेर दिसायला हवेत.

आणि टेबलफॅनच्या पात्यावरची टोपी उलटी फिरते बरं का! ती काढायची उजवीकडे फिरवून. जोर लावून आटे घालवू नका.

आमच्या झोपाळ्याला आता चार सुती बोल्ट आहे. तो मी काउंटरवरच, दुकानदारासमोर, नट फिरवून घेतला. मागे रांग होती, असू दे. घरची माणसं बसायची त्यावर.