जबाब द्यायचा कुणाला?

'जबाबदार' या शब्दात 'जबाब' आहे, हे आपण विसरूनच गेलो आहोत. जबाब म्हणजे उत्तर. पण ते द्यायचं कुणाला? कारकून साहेबाला देतो, साहेब वरच्या साहेबाला. खाली लोकांपर्यंत ते येतच नाही.

राजस्थानात लोकांनी ही दिशा बदलली. अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी घेतली. केलं काय, तर सरकारी कामांचं हजेरीपत्रक, आपण ज्याला मस्टर म्हणतो ते, गावासमोर मोठ्याने वाचलं. बस्स. ज्यांची नावं आली ते सांगू लागले, या कामावर आम्ही गेलोच नव्हतो. कागदावर मात्र मजुरी दिलेली! कचेरीत बिनचूक असलेला कागद गावात खोटा ठरला, कारण त्याची आणि साक्षीदाराची गाठ तोवर पडलीच नव्हती.

पुढे या कागदांच्या नकला मिळेनात, म्हणून 1996 मध्ये ब्यावरला 40 दिवस धरणं धरलं गेलं. 2005 चा माहिती अधिकार कायदा याच वाटेने आला.

आता आपलं बघू. आपण 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज करतो, उत्तर आलं की फायलीला लावतो. आम्हीही हेच केलंय, म्हणून बोलतो. तो कागद ग्रामसभेत उभं राहून वाचायचा राहतोच. कारण समोर ग्रामसेवक बसलेला असतो, आणि तो बहुधा आपल्या ओळखीचा असतो.