फवारणीच्या द्रावणाची तीव्रता व पंपाचा हिशेब

मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांत शेती आता थोडीच उरली आहे. तथापि गोराई-मनोरीच्या वाड्यांत, आरे दुग्धवसाहतीच्या परिसरातील आदिवासी पाड्यांवर आणि घाटकोपर-मुलुंडकडील परसबागांत भाजीपाला व फळझाडे अजून जोपासली जातात. ही जमीन बहुधा गुंठ्यांत मोजण्याजोगी असते. औषधांच्या शिफारशी मात्र हेक्टरी किंवा शंभर लिटर पाण्यास अशा छापलेल्या असतात. त्या अंदाजाने कमी करू गेल्यास द्रावण फार तीव्र होऊन पाने करपतात व फवारणाऱ्यास अपाय होतो, किंवा ते फार सौम्य होऊन कीड मरत नाही व खर्च वाया जातो. यास्तव हा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यास व क्षेत्रीय कार्यकर्त्यास अवगत असणे अगत्याचे आहे.

मूळ तत्त्व

द्रावणात पाणी घातल्याने त्यातील औषध कमी होत नाही. तेवढेच औषध अधिक पाण्यात पसरते. म्हणून पाणी घालण्यापूर्वीची तीव्रता व माप यांचा गुणाकार हा पाणी घातल्यानंतरच्या तीव्रता व माप यांच्या गुणाकाराएवढाच असतो. त्यावरून पुढील सूत्र मिळते :

लागणारे मूळ औषध = हवी असलेली तीव्रता × तयार करावयाचे एकूण द्रावण ÷ मूळ औषधाची तीव्रता.

दोन्ही तीव्रता एकाच परिमाणात मांडावयास हव्यात. शेकडा 1 तीव्रता म्हणजे 1 लिटर द्रावणात 10 ग्रॅम औषध. पी.पी.एम. म्हणजे दर दशलक्ष भागांतील भाग, 1 पी.पी.एम. म्हणजे पाण्यातील द्रावणात सुमारे लिटरास 1 मिलिग्रॅम. अर्थात शेकडा 1 म्हणजेच 10,000 पी.पी.एम. होय.

निंबोळी अर्क

शेकडा 5 अर्कासाठी 5 किलो निंबोळ्या कुटून 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात. सकाळी फडक्याने गाळून, कमी भरलेले पाणी घालून अर्क पुन्हा 10 लिटर करावा. हिशेबापुरती या अर्काची तीव्रता शेकडा 50 झाली. 15 लिटरच्या पंपास 5 × 15 ÷ 50, म्हणजे दीड लिटर अर्क लागेल. येथे एक चूक नेहमी घडते : दीड लिटर अर्कात 15 लिटर पाणी ओतले जाते. सूत्रातील 15 लिटर हे एकूण द्रावण आहे; म्हणून पाणी साडेतेरा लिटरच घालावयाचे.

बोर्डो मिश्रण

फ्रान्समधील बोर्दो परगण्यात द्राक्षांवरील केवडा रोगावर हे मिश्रण मिलार्दे या शास्त्रज्ञाने 1885 साली पुढे आणले. शेकडा 1 मिश्रणास 100 लिटर पाण्यामागे 1 किलो मोरचूद व 1 किलो कळीचा चुना लागतो. त्याच प्रमाणात 15 लिटरच्या पंपास प्रत्येकी 150 ग्रॅम. दोन्ही द्रावणे मातीच्या वा प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत, एकूण पाण्याचा अर्धा अर्धा भाग घेऊन करावीत आणि तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावीत. घासून स्वच्छ केलेली लोखंडी सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढल्यास मोरचूद अधिक झाले असे समजून चुन्याची निवळी आणखी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे.

एकाच औषधाच्या दोन बाटल्या

निंबोळीपासून मिळणारे ॲझाडिरॅक्टिन हे 1,500 पी.पी.एम. तसेच 10,000 पी.पी.एम. अशा निरनिराळ्या तीव्रतांत विकले जाते. उदाहरणार्थ, 15 लिटर द्रावण 3 पी.पी.एम. तीव्रतेचे करावयाचे असल्यास पहिल्या बाटलीतील 3 × 15,000 ÷ 1,500, म्हणजे 30 मिलिलिटर औषध लागेल. दुसरीतील केवळ साडेचार. बाटली बदलूनही माप 30 च ठेवले, तर द्रावण 20 पी.पी.एम.चे, म्हणजे जवळजवळ सातपट तीव्र होईल. हे आकडे केवळ गणित समजण्यासाठी आहेत. पिकास द्यावयाची मात्रा त्या बाटलीच्या लेबलावरूनच घ्यावी.

हेक्टरावरून गुंठ्यावर

एक हेक्टर म्हणजे 100 आर, आणि एक गुंठा जवळजवळ एक आराएवढा असतो. म्हणून हेक्टरी प्रमाणास 100 ने भागले की गुंठ्याचे प्रमाण निघते. समजा, लेबलावर हेक्टरी 1 किलो भुकटी व 500 लिटर पाणी सांगितले आहे. तर 4 गुंठ्यांच्या वाफ्यांस 40 ग्रॅम भुकटी व 20 लिटर पाणी पुरेल. पंप 15 लिटरचा असल्यास पहिल्या भरणीत 30 ग्रॅम व उरलेल्या 5 लिटरांत 10 ग्रॅम घालावी. लेबलावर शुद्ध क्रियाशील घटक व बाजारी औषध अशी दोन मापे दिलेली असतात. तोलून घ्यावयाचे ते बाजारी औषधाचे माप होय.

दक्षता

बाटलीचे झाकण हे माप नव्हे. झाकणे लहानमोठी असतात. खुणांचा पेला व लहान तराजू वापरावा, आणि ती साधने स्वयंपाकघरात नेऊ नयेत. 1958 साली केरळात कीटकनाशक मिसळलेल्या अन्नामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली व त्यानंतर 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. उपनगरात तर वाफ्याला लागूनच घर, विहीर किंवा गोठा असतो. म्हणून हातमोजे व तोंडावर आवरण घालून, वाऱ्याची दिशा पाहून फवारावे आणि फवारणीनंतर लेबलावर दिलेले दिवस लोटेपर्यंत भाजी तोडू नये.

क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील पंपाचे माप प्रत्यक्ष पाणी भरून पडताळावे, त्यानुसार नेहमीच्या औषधांचा तक्ता मांडावा व तो औषधे ठेवण्याच्या जागी लावून द्यावा.