मॉस्कोचे घड्याळ आणि प्रांतांचा सूर्य

रशियात वेळेचे 11 पट्टे आहेत. पश्चिमेकडील कालिनिनग्राडमध्ये सकाळचे 8 वाजतात, त्याच क्षणी पॅसिफिकच्या काठावरील काम्चात्कात संध्याकाळचे 6 वाजून कचेऱ्यांना कुलपे लागत असतात. मॉस्कोत तेव्हा 9 वाजलेले असतात. म्हणजे राजधानीतील बँका व मंत्रालये उघडतात आणि पूर्वेकडचा व्यापारी दुकान आवरू लागतो. चलन एक, कायदा एक. परंतु दोन्ही टोकांना कामकाजाचा सामाईक असा एक तासही लाभत नाही.

ही अडचण दूर व्हावी म्हणून राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी नोव्हेंबर 2009 मध्ये पट्टे कमी करण्याचा विचार मांडला. 28 मार्च 2010 रोजी उन्हाळी वेळेसाठी देशभर घड्याळे एक तास पुढे सरकली; काम्चात्का, समारा आदी पाच प्रांतांतील मात्र जागीच ठेवण्यात आली आणि 11 पट्ट्यांचे 9 झाले. कागदावर हिशेब सोपा झाला. काम्चात्कातील रहिवाशांना मात्र संध्याकाळचा उजेड एका तासाने गमवावा लागला. त्यांनी उघड विरोध केला. 2011 मध्ये उन्हाळी वेळच बारमाही करण्यात आली, तेव्हा हिवाळ्यातील सकाळी काळोखात बुडाल्या. अखेर 26 ऑक्टोबर 2014 रोजी घड्याळे मागे घेऊन ती कायम ठेवण्यात आली आणि पट्टे पुन्हा 11 झाले.

रेल्वेने या साऱ्या उलथापालथीपासून स्वतःला दूर ठेवले होते. तिचे वेळापत्रक सर्वत्र मॉस्कोच्या वेळेनुसार चाले. व्लादिवोस्तोकला सकाळी 9 ला सुटणाऱ्या गाडीच्या तिकिटावर रात्रीचे 2 छापलेले असत! 1 ऑगस्ट 2018 पासून तिकिटावर स्थानिक वेळ येऊ लागली.

वेळ बदलण्याचा अधिकार प्रांतांना नाही. प्रांताने मागणी करावी, संसदेने केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करावी, अशी रीत आहे. या रीतीची खरी कसोटी व्होल्गोग्राडने, म्हणजे पूर्वीच्या स्टालिनग्राडने, पाहिली. उन्हाळ्यात तेथे पहाटे 4 च्या सुमारास सूर्य उगवतो आणि लोक झोपेत असताना उजेड वाया जातो, ही तक्रार होती. मार्च 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीबरोबरच तेथे सार्वमत झाले, बहुमताने मॉस्कोच्या पुढे एक तास जाण्याचा कौल दिला आणि 28 ऑक्टोबर रोजी घड्याळे पुढे गेली.

पुढे हिवाळा आला. डिसेंबरात सूर्योदय जवळजवळ 9 वाजता होऊ लागला. मुले अंधारात शाळेला निघाली. मॉस्कोहून येणारे दूरदर्शनचे कार्यक्रम एक तास उशिरा दिसू लागले, आणि राजधानीशी ज्यांचे रोजचे व्यवहार, त्यांना प्रत्येक वेळेत तास मिळवत बसावे लागले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा खर्च कोणत्याच खात्यात दिसत नाही, पण तो दररोज भरावा लागतो. 2020 च्या उन्हाळ्यात पुन्हा मतदान झाले. या वेळी कौल उलट पडला, आणि 27 डिसेंबर 2020 रोजी, दोन वर्षे दोन महिन्यांनी, व्होल्गोग्राड मॉस्कोच्या वेळेवर परतले.