कुलूप दाराला की दप्तराला?

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणक बिघडला, की अनेकदा तो पिशवीत घालून मलकापूरला किंवा बुलढाण्याला न्यावा लागतो. चार दिवस तो परक्या टेबलावर असतो. त्यात कुणाची अर्धी कादंबरी असते, तर कुणा अभ्यासकाने, नाव न सांगण्याच्या बोलीवर, एखाद्या शेतकरी विधवेची मुद्रित केलेली मुलाखत. तरी आपण निर्धास्त असतो. कारण संगणक सुरू होताना पासवर्ड मागतो.

हा निर्धास्तपणा फसवा आहे. नुसता लॉगिनचा पासवर्ड म्हणजे वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की देवडी मागे राहते आणि दप्तर उघडे पडते. फोल्डर नुसते लपवणारी सॉफ्टवेअरही याच जातीची. मोडी न येणाऱ्याला मोडी कागद बंद वाटतो. जाणकाराला तो उघडाच असतो. कूटलेखन वेगळे. पद्धत शत्रूला कळली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती केवळ किल्ली, हे तत्त्व ऑगस्ट केरखॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले.

म्हणून पहिली कसोटी : सॉफ्टवेअर संपूर्ण डिस्क कूटबद्ध करते का, आणि तेही जगजाहीर, तपासलेल्या पद्धतीने? दोन बेल्जियन संशोधकांनी रचलेली आणि अमेरिकेने २००१ मध्ये प्रमाण मानलेली ‘एईएस’ ही अशी पद्धत आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर, अॅपलच्या संगणकात फाइलव्हॉल्ट, लिनक्समध्ये लक्स ही सोय मुळातच असते. विंडोजच्या होम आवृत्तीत काही संगणकांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळते. नसल्यास व्हेराक्रिप्ट मोफत आहे.

दुसरी कसोटी : त्याची देखभाल कोणी करते का? व्हेराक्रिप्ट ज्यातून निघाले, त्या लोकप्रिय ट्रूक्रिप्टचे काम कर्त्यांनी मे २०१४ मध्ये अचानक थांबवले आणि ते वापरू नका, असे बजावले. जुन्या सीडीतले सॉफ्टवेअर म्हणूनच नको.

तिसरी कसोटी किल्लीची. बिटलॉकरची पुनर्प्राप्ती किल्ली ४८ अंकी असते. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, तर संगणक ती मागू शकतो. ती हरवली, तर डिस्क कोणताही कारागीर उघडू शकणार नाही. ती कागदावर उतरवून घरच्या दस्तऐवजांत ठेवावी, संगणकाच्या पिशवीत नव्हे. आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगावी, नाहीतर लेखकामागे त्याचे लेखनही कायमचे बंद होईल. लेखनाची प्रत दुसऱ्या, तशाच कूटबद्ध डिस्कवर हवीच. कुलूप चोरापासून वाचवते, बिघाडापासून नाही.

शेवटी एक पथ्य. चालू संगणकात कुलूप उघडलेलेच असते. दुकानात देताना तो पूर्ण बंद करावा. पासवर्डही चिठ्ठीवर लिहून सोबत दिला, तर सारे मुसळ केरात. त्या बाईला शब्द आपण दिलेला असतो. तो पाळण्याचे काम दुकानदाराच्या भलेपणावर सोपवता येत नाही.