एका रात्रीचे रूप

दोडामार्गाकडच्या जत्रांत दशावतार पाहणाऱ्याला पहाटेचा एक क्षण परिचयाचा असतो. धयकालो होतो, स्त्रीपार्टी नट साडी सोडतो, चेहऱ्यावरचा रंग पुसतो आणि रात्रभर गावाने पाहिलेली राणी नाहीशी होते. संवाद आयत्या वेळी सुचलेले, रंगभूषा ज्याची त्याने केलेली, संहिता नाहीच. अशा कलेचे मागे काय उरते, या प्रश्नासाठी मी बालगंधर्वांच्या स्टुडिओतल्या छायाचित्रांकडे वळलो.

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांची भामिनी १९११मध्ये ‘मानापमान’मधून रंगभूमीवर आली. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांचे नेसणे, अंबाडा, दागिने यांचे अनुकरण घराघरांतल्या स्त्रिया करू लागल्या.

त्या काळचा स्टुडिओ म्हणजे तिपाईवरचा अवजड कॅमेरा, काचेची पाटी आणि मागे रंगवलेला पडदा. चित्र हलू नये म्हणून समोरच्याने स्तब्ध राहायचे. ज्याची सारी मोहिनी गळ्यात आणि हालचालीत, त्या नटाला इथे गप्प आणि निश्चल व्हावे लागे. त्यामुळे मानेचा किंचित कल, बाजूला वळलेली नजर, पदराशी गेलेली बोटे यांवरच सगळा भार आला. म्हणून ही छायाचित्रे मला नाटकातला प्रसंग वाटत नाहीत. प्रेक्षकांवाचून, केवळ कॅमेऱ्यापुढे केलेली ती वेगळी भूमिका आहे.

स्थिरचित्रात आवाज पाहणारा आपल्या आठवणीतून भरतो. चित्रपटात ती सोय नाही. १९३५च्या ‘धर्मात्मा’मध्ये बालगंधर्व एकनाथ झाले; नंतर ‘साध्वी मीराबाई’त मीरा. तेव्हा ते पन्नाशीकडे झुकले होते. रंगभूमीवरची जादू पडद्यावर उतरली नाही. दुरून पाहायचे रूप कॅमेऱ्याने फार जवळ आणले, असे मला वाटते.

दूरच्या लंडनमध्येही असाच प्रकार घडला. ली बॉवरी हा वेषकलावंत नाइटक्लबमध्ये अचाट वेष करून वावरे. फर्गस ग्रीअर या छायाचित्रकाराने १९८८पासून त्याला स्टुडिओत बोलावून ते वेष टिपले. १९९४च्या अखेरीस बॉवरी गेला. त्या क्लबांत कधी पाऊल न टाकलेल्यांना तो आज मुख्यतः चित्रांतून भेटतो. साधी पार्श्वभूमी, नीट उजेड आणि पूर्ण वेष, एवढ्याने एका रात्रीची वस्तू अभ्यासता येण्याजोगी झाली.

आपल्या जत्रेत आता मोबाइल शेकड्यांनी उंचावतात. चित्रणाचा तुटवडा नाही. पण त्यात पुढच्यांची डोकी असतात, हॅलोजनचा भगभगीत उजेड असतो आणि नटाचे नाव बहुधा नसते. बालगंधर्वांच्या छापील छायाचित्रांखालीही भूमिकेचे नाव दिसते, छायाचित्रकाराचे क्वचितच. साडी कशी नेसली, मुकुट कशाने बांधला, भुवई कुठवर ओढली, हे त्या गर्दीत कळत नाही. ही माहिती नटाच्या हातात असते आणि त्याच्याबरोबर जाते.

म्हणून प्रत्येक दशावतारी मंडळाने हंगामात एक दुपार राखून ठेवावी. मागे साधा पडदा लावून प्रत्येक नटाची तीन चित्रे घ्यावीत : रंग लावण्यापूर्वीचे, अर्ध्या रंगातले आणि पूर्ण वेषातले. खाली नटाचे नाव, भूमिका, तारीख आणि छायाचित्रकाराचे नाव लिहावे. गाणे आणि बोलणे त्यात येणार नाही. पण राणी कुणी घडवली आणि कशी, याला पुरावा राहील.