उन्हाळ्यात उघडणारी भेग

काळ्या रानात प्लॉट पाडून बांधलेल्या सोलापूरकडच्या घरांत एक गंमत दिसते. घरमालकाला ती गंमत वाटत नाही, हे वेगळं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग मे महिन्यात नाणं शिरेल एवढी रुंदावते आणि पावसाळा सरताना जवळपास मिटते. गवंडी सिमेंट भरून जातो. पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी भेग!

दोष बहुधा सिमेंटचा नसतो. बेसॉल्ट झिजून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याचे अतिसूक्ष्म थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक असतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरलं की थर दूर सरतात, माती फुगते. चाळिशीपारच्या उन्हात ती आक्रसते. घराभोवतीची माती लवकर सुकते, घराखालची उशिरा. त्यामुळे बाहेरचे कोपरे खचतात आणि भिंत तिच्या दुबळ्या जागी, म्हणजे दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांत, फाटते.

नवं घर बांधताना पाया काळी माती ओलांडून पक्क्या मुरमात न्यावा. माती फारच खोल असेल, तर तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल घालतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने या पद्धतीवर मोठं काम केलं आहे.

जुन्या घराभोवती बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा करावा, पन्हाळीचं पाणी लांब सोडावं. भिंतीला खेटून मोठं झाड नको.

भेगेच्या टोकाशी पेन्सिलने तारीख लिहून वर्षभर पाहावं. ती पावसाळ्यातही वाढतच राहिली, तर गवंड्याऐवजी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं.