सूर्याची वीज ताल कसा धरते?

श्रोतेहो, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छपरावर सौरपट्ट्या बसलेल्या आपण पाहिल्या असतील. त्यांच्याविषयीची एक तक्रारही ऐकली असेल. “भर दुपारी ऊन रणरणते आहे, पण लाईन गेली की ही वीजही बंद! मग उपयोग काय हिचा?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज पाहू.

सौरपट्टीतून निघणारी वीज टॉर्चच्या सेलसारखी, एकाच दिशेने वाहणारी असते. डीपीवरून घरात येणारी वीज तशी नसते. ती सेकंदाला ५० वेळा पुढे जाते आणि ५० वेळा मागे येते. हाच तिचा ताल. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एक झाले, आणि सारा देश एका तालावर आला.

या तालात सौरवीज मिसळायची कशी? हे काम इन्व्हर्टर करतो. दिंडीत नवा टाळकरी आला, की तो आधी मृदंगाला कान देतो, सम ओळखतो आणि मगच टाळ वाजवतो. इन्व्हर्टरही तसाच. तो आधी लाईनचा दाब आणि ताल मोजतो. मग त्यातील इलेक्ट्रॉनिक खटके सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करून अगदी जुळती लाट तयार करतात. जोडणी झाल्यावरही हे मोजणे क्षणभर थांबत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लाईन गेली म्हणजे मृदंग थांबला. अशा वेळी इन्व्हर्टरने वीज ढकलणे चालूच ठेवले तर काय होईल? डीपी उलट दिशेनेही काम करते, बरे का! घरातली वीज तिच्यातून मागे गेली, तर वरच्या तारांत ११ हजार व्होल्टचा दाब उभा राहू शकतो. आणि खांबावर तर आपला वायरमन चढलेला! म्हणून लाईन जाताच इन्व्हर्टरने आपणहून सुटे व्हावे, असा नियम आहे. आपली गैरसोय होते खरी, पण एका घरचा कर्ता माणूस त्यामुळे वाचतो.

मात्र फार घाबरट इन्व्हर्टरही कामाचा नाही. १६ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियात वणवा पेटला आणि मोठ्या वाहिन्यांवर क्षणिक बिघाड झाले. त्या झटक्याने लाट विस्कटली. ताल प्रत्यक्षात बिघडला नव्हता. पण अनेक इन्व्हर्टरांनी चुकीचे मोजले आणि ते सुटे झाले. इतर काहींनी दाब उतरलेला पाहून वीज देणे थांबवले. मिळून सुमारे १,२०० मेगावॅट सौरवीज एकाएकी गेली. पुढे इन्व्हर्टरांच्या आज्ञावलीत दुरुस्ती झाली, ती अशी की काही सेकंद थांबावे, खात्री करावी आणि मगच सुटे व्हावे.

आणखी एक अडचण आहे. जात्याचा खुंटा सोडला, तरी पाळू थोडे फिरतच राहते. औष्णिक केंद्रातली अवजड चक्रे मिनिटाला ३,००० फेरे घेतात. विजेची मागणी अचानक वाढली, तर त्यांच्या फिरण्यातला जोर काही सेकंद ताल सांभाळतो. सौरपट्टीत फिरणारे काहीच नाही. उद्या सगळेच टाळकरी झाले, तर मृदंग कोण वाजवणार?

म्हणून आता स्वतः ताल देणारे इन्व्हर्टर तयार झाले आहेत. ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल येथे २०१७ साली मोठे बॅटरी केंद्र उभे राहिले. २०२२ पासून तेथील इन्व्हर्टर अवजड चक्रासारखे वागून जाळ्याला आधार देऊ लागले. अशा इन्व्हर्टरमागे बॅटरीसारखा साठा मात्र हवा. रिकाम्या हाताने ताल देता येत नाही.

शिक्षकमित्रांनी हे वर्गात टाळ्यांनी करून दाखवावे. अर्ध्या मुलांनी ठेका धरावा, बाकीच्यांनी तो उचलावा आणि मग पहिल्यांनी थांबावे. काय होते, ते मुलेच सांगतील.

आणि शेतकरी बंधूंनो, एवढे ध्यानात ठेवा. लाईन गेली म्हणून जनरेटर किंवा बॅटरीची वीज परस्पर घरच्या वायरिंगमध्ये सोडू नका. आधी चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. इन्व्हर्टर वायरमनची काळजी घेतो. आपणही घेतली पाहिजे.